सामुदायिक रेडिओ केंद्रासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

एफएमवर ९०.४, ९०.८ किंवा ९१.२ लावून पाहा. म्हसवड, बारामती, पुणे, मुंबई अशा ठिकाणी एखादं केंद्र लागेल. राज्याच्या बहुतेक तालुक्यांत मात्र नुसती खरखर ऐकू येते. या फ्रीक्वेन्सी सामुदायिक रेडिओसाठी, म्हणजे शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रं आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांसाठी ठेवलेल्या आहेत. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. त्यानंतर २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परवानगी मिळू लागली आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा देशभरातल्या केंद्रांची संख्या ४८१ होती. एवढ्या मोठ्या देशाला हा आकडा शोभत नाही. खेड्यापाड्यातून गेलेले अर्ज फ्रीक्वेन्सी नाही म्हणून परत आलेले मी फारसे पाहिलेले नाहीत. ते परत येतात संस्थेच्या स्वतःच्या कागदांमुळे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेतो. “आमच्या भागातली रिकामी फ्रीक्वेन्सी आमच्या नावावर आधीच राखून ठेवता येईल का?” येत नाही. राखीव असते ती सामुदायिक रेडिओ या वर्गासाठी. कुणा एका संस्थेच्या नावावर नाही. कोणती फ्रीक्वेन्सी द्यायची हे दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ठरवते आणि तेही पुढच्या टप्प्यावर. शेजारच्या तालुक्यात ९०.४ वर केंद्र आहे म्हणून तुमची वाट बंद होत नाही, कारण या केंद्रांची शक्ती कमी असते आणि पुरेशा अंतरावर तोच आकडा पुन्हा देता येतो. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरात टंचाई असते, हे खरं. “९०.४ बुक करून देतो” म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला पैसे देऊ नका. त्याच्या हातात तसं काही नसतं.

पात्रतेचा मूळ नियम छोटा आहे. संस्था कायदेशीर नोंदणी झालेली आणि नफ्यासाठी न चालणारी हवी, अर्जाच्या दिवशी नोंदणीला किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि स्थानिक समाजासाठी तीन वर्षं काम केल्याचा पुरावा हवा. व्यक्तीला एकट्याने अर्ज करता येत नाही. राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी जोडलेल्या विद्यार्थी, महिला, कामगार संघटना अपात्र आहेत. नफ्यासाठी चालणाऱ्या आणि बंदी घातलेल्या संस्थाही अपात्र.

या नियमातल्या ‘तीन वर्षं’वर निम्मे लोक घसरतात. रेडिओ काढायचा ठरला की उत्साहाने ‘अमुक रेडिओ प्रतिष्ठान’ नावाची नवी संस्था नोंदवली जाते आणि तिच्या नावाने अर्ज जातो. तो अर्ज टिकत नाही. गावात वीस वर्षं काम केलेली तुमची जुनी संस्था असेल, तर अर्ज तिच्याच नावाने करा. नाव रेडिओला साजेसं नसलं तरी काही बिघडत नाही.

दुसरी घसरण महाविद्यालयांची. प्राचार्य कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करतात, पण कॉलेज ही स्वतंत्र कायदेशीर संस्था नसते. ती असते कॉलेज चालवणारी शिक्षण संस्था. अर्जदार म्हणून मातृसंस्था यायला हवी, आणि ठराव, घटना, ऑडिट सगळं तिचंच लागेल. त्यात आणखी एक गैरसमज असतो. विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि सरकारी शिक्षणसंस्थांना सोपा मार्ग आहे: त्यांचं प्रकरण आंतरमंत्रालयीन समितीपुढे जातं आणि गृह मंत्रालयाची वेगळी मंजुरी लागत नाही. अनुदानित कॉलेजला वाटतं, आमचे पगार सरकार देतं म्हणजे आम्ही सरकारी. तसं नाही. अनुदानित असलं तरी खासगी संस्थेचं कॉलेज खासगीच धरलं जातं, आणि खासगी शिक्षणसंस्थांना स्वयंसेवी संस्थांसारखीच गृह आणि संरक्षण मंत्रालयाची मंजुरी लागते, वर शिक्षण मंत्रालयाचीही. वेळेचा अंदाज त्या हिशेबाने बांधा.

अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आहे आणि प्रक्रिया शुल्कही ऑनलाइनच भरायचं. हा भाग सरळ आहे, सायबर कॅफेतला मुलगाही करून देईल. खरी मेहनत जोडायच्या कागदांत आहे.

महाराष्ट्रातल्या संस्थांसाठी सगळ्यांत अवघड जागा म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. आपल्याकडे बहुतेक संस्था १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून आणि शिवाय सार्वजनिक न्यास म्हणून अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करावा लागतो आणि तो मंजूर झाला की शेड्यूल वनवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, नवी नावं चढतात. प्रत्यक्षात काय असतं? निवडणूक झालेली असते, नवे अध्यक्ष सह्या करत असतात आणि शेड्यूल वनच्या उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वीची मंडळी दिसतात. त्यातले दोघं हयातही नसतात. दिल्लीतला अधिकारी अर्जातली नावं आणि उताऱ्यातली नावं शेजारी ठेवून बघतो. जुळली नाहीत की त्रुटीचं पत्र येतं. गृह मंत्रालयाची तपासणीही याच नावांवर चालते, त्यामुळे हा घोळ झाकून पुढे जाता येत नाही.

चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून राहतात, हा दोष अर्जदाराचा नाही. ज्या संस्थेने वेळेत चेंज रिपोर्ट दाखल केला, तिला तारखांवर तारखा का घ्याव्या लागाव्यात, याचं उत्तर द्यायला कुणी बांधील नाही, आणि त्याची किंमत मात्र गावातल्या संस्थेने मोजायची. एवढंच सांगतो की रेडिओच्या अर्जाआधी आपला शेड्यूल वनचा ताजा उतारा काढा आणि त्यावर कोण आहे ते बघा. चेंज रिपोर्ट बाकी असेल तर आधी त्याच्या मागे लागा. प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच आणि निवडीच्या सभेचं इतिवृत्त जोडा. त्याने काम होईलच असं नाही, पण काहीच न जोडण्यापेक्षा बरं. आणि आधार, पॅन, संस्थेचा ठराव या तिन्हींवर पदाधिकाऱ्याचं नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं असू द्या. एका कागदावर ‘बाळासाहेब’, दुसऱ्यावर ‘बाळकृष्ण’ असेल तर तपासणीत ते दोन माणसं ठरतात.

यानंतरचा कागद असा, की तो कुणाकडेच तयार नसतो: त्याच भागात तीन वर्षं काम केल्याचा पुरावा. काम असतं, पण लिहून ठेवलेलं नसतं. ऑडिट झालेले हिशेब आणि वार्षिक अहवाल हे मुख्य पुरावे. अहवाल छापलेला नसेल तर सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला टंकलिखित अहवाल चालू शकतो, पण तो त्या त्या वर्षाचा असावा. तिन्ही वर्षांचे अहवाल एकाच दिवशी बसून एकाच भाषेत लिहिलेले असले की ते लगेच कळतं. त्याच्या जोडीला ग्रामपंचायतींची पत्रं घ्या. सहसा मिळणारं पत्र असं असतं: “सदर संस्थेचे कार्य उल्लेखनीय असून त्यांना रेडिओ केंद्र मिळावे ही शिफारस.” याचा काडीचाही उपयोग नाही. पत्रात लिहून घ्या की संस्थेने आमच्या गावात कोणत्या साली कोणतं काम केलं, किती बचत गटांशी किंवा शेतकऱ्यांशी ते सुरू आहे आणि ते आजही चालू आहे का. खाली जावक क्रमांक, तारीख, शिक्का. सरपंचांना एवढं लिहून द्यायला दहा मिनिटं लागतात. तुम्ही कच्चा मसुदा घेऊन गेलात की ते आनंदाने करतात.

गावांची यादीही नीट करा. शंभर वॉट शक्तीच्या केंद्राचा आवाज साधारण पाच ते दहा किलोमीटरपर्यंत पोचतो. अर्जात अख्खा जिल्हा लिहिला की छाननी समितीला वाटतं, या लोकांना आपला समाज कोणता हेच ठाऊक नाही. डोंगराळ भाग असेल आणि गरज सिद्ध करता आली, तर २५० वॉटपर्यंत विचार होऊ शकतो. तो प्रत्येक प्रकरणात वेगळा होतो. संस्था अनेक जिल्ह्यांत काम करत असेल तर २०२४ पासून वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून कमाल सहा केंद्रं मागता येतात, पण प्रत्येक ठिकाणचं काम त्या त्या ठिकाणच्या पुराव्याने दाखवावं लागतं.

आता अँटेनाचे अक्षांश-रेखांश. हे लहानसं वाटतं, पण यात महिने जातात. मोबाइलवर नकाशा उघडला की १८.५२०४ असा दशांश आकडा दिसतो. फॉर्ममध्ये मात्र अंश, मिनिटं, सेकंद मागितलेले असतात. मग भरणारा सरळ १८ अंश ५२ मिनिटं ०४ सेकंद असं लिहून मोकळा होतो. खरं उत्तर आहे १८ अंश ३१ मिनिटं १३ सेकंद. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून दशांशानंतरच्या भागाला ६० ने गुणायचं आणि उरलेल्या दशांशाला पुन्हा ६० ने. या एका चुकीने पुण्यातला मनोरा कागदावर साधारण ३८ किलोमीटर उत्तरेला, राजगुरुनगरच्या आसपास जाऊन उभा राहतो. मंत्रालयाच्या अर्जात एक आकडा आणि पुढे साकफाच्या, म्हणजे अँटेनाच्या जागेला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, अर्जात दुसरा असं झालं, तर प्रकरण तिथेच थांबतं. जागा एकदाच नक्की करा. तिथे उभं राहून आकडे घ्या आणि तोच कागद शेवटपर्यंत वापरा. मनोऱ्याची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंत ठेवता येते. जागेचा सातबारा किंवा इमारतीच्या मालकीचा कागद आणि मालक वेगळा असेल तर त्याची संमती आताच घेऊन ठेवा.

कार्यक्रमांच्या आराखड्यात एक शब्द चुकूनही लिहू नका: ‘स्थानिक बातम्या’. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा लावता येतात. हवामान, वाहतूक, पाणी आणि वीजपुरवठ्याच्या सूचना, परीक्षा आणि प्रवेशाची माहिती, नोकरीच्या संधी, सण-उत्सव, स्थानिक खेळ, साथीच्या आजारांबद्दल प्रशासनाने दिलेले इशारे हे सगळं चालतं. म्हणजे गावाला हवं ते बरंचसं करता येतं, फक्त त्याला बातमीपत्र म्हणता येत नाही. हा नियम मला पटत नाही. ज्या गावात वर्तमानपत्र दुपारी पोचतं, तिथे ग्रामसभेत काय ठरलं ते सांगायला गावच्या रेडिओला बंदी असावी, हे योग्य नाही. पण अर्ज भरताना नियमाशी भांडू नका. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून, इथेच तयार झालेले असावेत अशी अट आहे. ती कशी पाळणार ते नीट, गावांच्या नावांसह लिहा.

केंद्राच्या सल्लागार आणि आशय समितीत किमान निम्म्या स्त्रिया हव्यात, हे २०२४ चं कलम आहे. संचालकांच्या पत्नी आणि सुनांची नावं टाकून जागा भरू नका. बचत गटाच्या, आशा सेविकांच्या, शेतीत राबणाऱ्या बायका घ्या. छाननीत समाजाचा सहभाग विचारला जातो, तेव्हा त्यांचंच काम बोलतं. माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून चालणारं माणदेशी तरंग वाहिनी हे केंद्र बायकांच्या संस्थेतूनच उभं राहिलं. शक्य असेल तर जाऊन बघा.

सगळं जमलं की मंत्रालयाचं इरादापत्र, म्हणजे परवानगी द्यायची तयारी दाखवणारं पत्र येतं, आणि इथे मुदतीचा घोटाळा होतो. इरादापत्राची वैधता एक वर्ष आणि अनपेक्षित अडचणींसाठी वर तीन महिने. लोक पत्र वाचून सुस्कारा सोडतात, वर्ष आहे म्हणतात. पण त्याच वर्षात फ्रीक्वेन्सी आणि साकफाची मंजुरी घ्यायची असते. अँटेनाच्या जागेबद्दल विमानतळ, संरक्षण आणि इतर यंत्रणांची हरकत नाही ना, हे साकफा बघते, आणि त्यालाच अनेक महिने लागतात. हा अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर असतो, ब्रॉडकास्ट सेवेवर नाही; दोन्ही पोर्टल वेगळी, दोन्हीकडे वेगळं खातं. इरादापत्र आलं त्याच महिन्यात हा अर्ज टाका. मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजा, तुम्ही ईमेल उघडला त्या दिवसापासून नाही. संस्थेचा ईमेल एखाद्या निवृत्त कारकुनाच्या नावावर असेल तर तो आधी बदला. ते जास्तीचे तीन महिने वापरायचे नाहीत असं समजूनच चाला.

पैशांबद्दल थोडक्यात. परवानगीसाठी शुल्क नाही, हे ऐकून सगळं फुकट आहे असं समजू नका. प्रक्रिया शुल्क, बँक हमी आणि फ्रीक्वेन्सीचं वार्षिक शुल्क हे तिन्ही वेगळे. चालू रकमा पोर्टलवर बघा. तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येतात आणि सरकारी जाहिरातींचा दर १० सेकंदांना ७४ रुपये आहे. त्या कधी आणि किती मिळतील यावर मात्र खर्चाचा हिशेब बांधू नका.

साकफाची मंजुरी आणि बँक हमी झाली की मंत्रालयाशी परवानगी करार होतो, आता पहिल्या खेपेला दहा वर्षांचा. त्यानंतर डब्ल्यूपीसीकडून वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स घ्यायचं. ट्रान्समीटर विकणारे लोक याच्या किती तरी आधीपासून फोन करायला लागतात, किंमत वाढणार म्हणून घाई करतात. करार होण्याआधी घेऊ नका. फ्रीक्वेन्सी ठरलेली नसताना घेतलेलं यंत्र पडून राहतं, आणि परवान्याशिवाय ट्रान्समीटर बाळगणं हा गुन्हा आहे. प्रक्षेपण सुरू झाल्यावर प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं, म्हणून स्टुडिओच्या यादीत पहिल्याच दिवशी दोन मोठ्या हार्ड डिस्क लिहा.