‘ट्रॉटर-नामा’च्या आधीची गोष्ट

इंग्रजीत लिहिणारे अँग्लो-इंडियन कादंबरीकार अ‍ॅलन सीली यांची पुस्तकं एका ओळीत मांडली की एक खोड लक्षात येते. शीर्षकाखाली ते ‘कादंबरी’ असं लिहीत नाहीत, पुस्तकाचा घाट सांगतात. ‘ट्रॉटर-नामा’ ही तवारीख, ‘एव्हरेस्ट हॉटेल’ हे कॅलेंडर, ‘रेड’ ही मुळाक्षरं, ‘असोका’ हे सूत्र. कुणी याला प्रयोगाची हौस म्हणेल. पण निदान पहिल्या पुस्तकापुरतं तरी त्याचं मूळ त्यांच्या समाजाच्या इतिहासात आहे, असं मला वाटतं.

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे गोरे अधिकारी इथे घरोबा करत, मुलंबाळं होत आणि मुलगे बापाच्याच नोकरीत लागत. मग हुकूम निघू लागले. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या लष्करी अनाथाश्रमातल्या अशा मुलांना शिक्षणासाठी विलायतेला जाण्याची बंदी झाली. १७९१ मध्ये कंपनीच्या मुलकी आणि लष्करी हुद्द्यांची दारं बंद झाली. १७९५ पर्यंत फौजेत त्यांच्यासाठी उरलं काय, तर बासरी, ढोल, बँड आणि घोड्यांना नाल ठोकण्याचं काम.

यातले काही तरुण मराठ्यांकडे आले. स्कॉटिश बाप आणि राजपूत आई यांचा मुलगा जेम्स स्किनर शिंद्यांच्या कवायती पलटणींत त्यांचा युरोपियन सेनापती डी बॉयन याच्या हाताखाली घडला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपलं, तेव्हा डी बॉयनच्या जागी आलेल्या पेरॉननं इंग्रजी रक्ताच्या माणसांना काढून टाकलं. मग स्किनर इंग्रजांचा सेनापती लॉर्ड लेककडे गेला आणि तिथे त्याचं स्वतःचं घोडदळ उभं राहिलं. म्हणजे इंग्रजांना तो पुरेसा गोरा नव्हता आणि शिंद्यांच्या छावणीत नको तितका गोरा ठरला. याच स्किनरनं पुढे इथल्या जातीजमाती आणि उमरावघराणी यांच्यावर ग्रंथ लिहिले, तेही फारसीत.

पुढे रेल्वे, तारखातं, कस्टम्स आले आणि या समाजाला बस्तान मिळालं. आपल्याकडे भुसावळच्या रेल्वे वसाहतीत त्याच्या खुणा होत्या. ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव अधिकृतपणे मिळालं ते १९११ च्या जनगणनेत. तोवर ते बहुधा भारतात राहणाऱ्या इंग्रजांसाठी वापरलं जाई. राज्यघटनेच्या कलम ३६६(२) मधली व्याख्या बापाकडच्या वंशावर उभी आहे. आईचं मूळ कोणतं, याची ती चौकशी करत नाही. लोकसभेतल्या त्यांच्या दोन नामनियुक्त जागा २०२० मध्ये बंद झाल्या.

सीली यांचा जन्म १९५१ चा, अलाहाबादचा. शाळा लखनौची ला मार्टिनियर. क्लॉड मार्टिन या फ्रेंच माणसानं कंपनीची चाकरी करत आणि नवाबांच्या लखनौत राहून अफाट पैसा केला, बलूनचे प्रयोग केले, गोमतीकाठी महाल बांधला आणि १८०० मध्ये मेल्यावर त्याच्याच तळघरात स्वतःला पुरून घेतलं. त्या महालात ही शाळा भरते. अशा इमारतीत वाढलेल्या मुलाला गोष्ट शोधायला लांब जावं लागणार नव्हतंच. पुढे दिल्लीचं सेंट स्टीफन्स, मग कॅनडात गयानाच्या विल्सन हॅरिस या कादंबरीकारावर पीएचडी.

१९८८ मध्ये आलेल्या ‘ट्रॉटर-नामा’त हा मार्टिन वेश पालटून येतो. इथे तो थोरला ट्रॉटर आहे, तो बलूनमधून आपल्याच जहागिरीवर कोसळतो आणि शहराचं नाव बोलीतल्यासारखं उलटून ‘नखलौ’ होतं. सात पिढ्यांची ही कथा सांगणारा युजीन जुनी लघुचित्रं बनावट काढून विकतो, म्हणजे इतिहासकार म्हणून त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते आधीच कळतं. मध्येच पाककृती, पत्रं, पद्यं येतात. आपल्या बखरीचा चुलतभाऊ असलेला ‘नामा’ हा प्रकार बादशहांसाठी होता. सीलींनी तो कारकून, गार्ड आणि ड्रायव्हर निपजलेल्या समाजाला बहाल केला. हे करताना त्यांनी गळा काढला नाही, हे मला विशेष वाटतं. पुस्तक बऱ्याचदा नुसतं खदखदून हसतं. १९९१ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नंतरच्या सगळ्याच पुस्तकांत हा जोर टिकला असं नाही. ‘एव्हरेस्ट हॉटेल’ १९९८ मध्ये आलं. त्याची मांडणी ऋतुचक्रावर, जुन्या ऋतुकाव्याच्या वळणाची. २०१४ चं ‘द स्मॉल वाइल्ड गूज पगोडा’ मात्र पंचांगाच्या घाटाचं आहे आणि त्याचा सगळा मुलूख म्हणजे त्यांच्या डेहराडूनच्या घराची ४३३ चौरस यार्ड जागा.