प्रतिलिपी (लेखनमंच)

प्रतिलिपी म्हणजे बंगळुरूत 2014 साली सुरू झालेला ऑनलाइन मंच, जिथे कुणीही आपली कथा-कविता संपादकाकडे न पाठवता थेट प्रकाशित करू शकतं. रणजीत प्रताप सिंग आणि चार सहकाऱ्यांनी तो उभा केला, आज मराठीसकट बारा भाषांत चालतो.

सुरुवातीला हे स्वरूप ऑनलाइन वाचनालयासारखं होतं, पूर्ण कथा टाकायची, लोक वाचणार. पुढे मोबाइल ॲप रुळलं तशी कथामालिका वाढली, रोज एक भाग, शेवटी 'क्रमशः', आणि खाली वाचकांचा धोशा, 'पुढचा भाग लवकर टाका'. ही पद्धत आली कुठून यावर मतं दोन आहेत. काहींना यात टीव्ही मालिकांची छाप दिसते, आणि सासर-माहेरचे विषय बघता ते अगदीच चूक नाही. पण मराठीत क्रमशः कादंबरी त्याहून फार जुनी, ह. ना. आपटे 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात हेच करत होते, त्यामुळे मूळ नियतकालिकांत शोधणं जास्त पटतं.

मराठी लेखकांची खरी अडचण टायपिंगची. 'दुसऱ्या'मधला अर्धा र बऱ्याच कीबोर्डवर सहज उमटत नाही, म्हणून 'दुसर्या' असं पडतं आणि वाचणाऱ्याला खटकतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन त्याला हलन्त लावायचा, दुसरी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी शब्द वेगळे, त्यामुळे शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो. घरकाम आवरून रात्री फोनवर भाग लिहिणाऱ्या बाईने हे सगळं कुठून शिकायचं? तिच्या लेखनाला अशुद्ध म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे, दोष बहुतेक वेळा कीबोर्डचा असतो.

लेखकाला पैसे मिळायची सोय बरीच नंतर आली, वाचकांनी ॲपमध्ये दिलेली आभासी नाणी आणि वर्गणी अशा रूपात. 2020 मध्ये कंपनीने मुंबईची आयव्हीएम पॉडकास्ट्स ही ऑनलाइन ऐकायचे कार्यक्रम बनवणारी कंपनी विकत घेतली. 2022 मध्ये ॲमेझॉनने वेस्टलँड ही प्रकाशनसंस्था बंद केल्यावर तिथल्या टीमला सोबत घेऊन छापील पुस्तकंही सुरू केली, मात्र तिथला भर मुख्यतः इंग्रजीवर आहे.