भूमापक आणि अभियंता : अमेरिकेच्या पहिल्या कालव्यांवर दिसलेला फरक

जमीन मोजणाराच कालवाही काढेल, अशा भरवशावर अमेरिकेत १७९० च्या दशकात कालव्यांची कामे निघाली. हा भरवसा समजण्यासारखा होता, कारण तिथे भूमापक गावोगाव होते आणि कालव्याचा जाणकार अभियंता शोधूनही सापडत नव्हता. भूमापकाकडे होकायंत्र आणि ६६ फुटांची साखळी असे (आपला गुंठा तिच्या निम्म्या, ३३ फुटांच्या साखळीवर बेतलेला आहे). हद्द आणि क्षेत्रफळ काढायला तेवढे पुरे. कालव्याचे पाणी मात्र चढउतारच पाहते.

मॅसॅच्युसेट्समधल्या मिडलसेक्स कालव्यासाठी १७९३ मध्ये स्थानिक भूमापक सॅम्युअल थॉम्पसन यांनी मोजणी केली आणि काँकर्ड नदीपेक्षा मेरिमॅक नदी साडेसोळा फूट उंच असल्याचे सांगितले; प्रत्यक्षात ती सुमारे २५ फूट खाली होती. चढ आणि उतार यांचीच अदलाबदल झाली होती. पुढच्या वर्षी इंग्रज अभियंता विल्यम वेस्टन यांनी पाणसळीचा बुडबुडा बसवलेल्या दुर्बिणीने फेरमोजणी केली. या पद्धतीत बुडबुडा मधोमध आणून मागे आणि पुढे उभ्या धरलेल्या मोजपट्ट्यांवरचे आकडे वाचतात आणि त्यांतला फरक टप्प्याटप्प्याने मिळवत जातात. बुडबुडा जरा कलला, तरी चूक मैलोगणती साठत जाते.

न्यूयॉर्कच्या ३६३ मैलांच्या ईरी कालव्यासाठी वेस्टन यांना पुन्हा बोलावले, तेव्हा ते आले नाहीत. १८१७ मध्ये काम सुरू झाले ते बेंजामिन राइट आणि जेम्स गेडीस या दोन भूमापकांच्या हाताखाली. दोघेही न्यायाधीशही होते. न्यूयॉर्क राज्यातल्याच रोम गावाहून सिरॅक्यूजपर्यंत त्यांनी वेगवेगळ्या वाटांनी पातळी मोजत नेली आणि शेवटच्या आकड्यांत दोन इंचांहून कमी फरक आला. माझ्या मते भूमापकाचा अभियंता होण्याची सुरुवात इथे झाली, पण ती सुरुवातच, कारण जलपाशाच्या (बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारे असलेल्या हौदाच्या) भिंती पाण्यात टिकवणारा चुना कोणता, हे कोणतीही दुर्बीण सांगत नाही. ते शिकण्यासाठी राइट यांचे तरुण सहकारी कॅनव्हस व्हाइट इंग्लंडला गेले, तिथले कालवे पायी फिरून पाहिले, रेखाटने आणली आणि परतल्यावर चिटेनँगो परिसरातल्या चुनखडीपासून पाण्यातही घट्ट होणारा चुना तयार केला.

याच कालव्यावर रोमजवळ झाडे तोडायला लागलेला जॉन जर्विस पुढे न्यूयॉर्क शहराला पाणी देणाऱ्या क्रोटन जलवाहिनीचा मुख्य अभियंता झाला.