गेरूच्या कुळातला रंग आणि मुरमांचे डाग

रात्री खोलीतला दिवा मालवा, आरशासमोर उभे राहा आणि मोबाइलचा टॉर्च कानाजवळ धरून गालावर आडवा उजेड पाडा. ज्या खुणांच्या कडेला सावली पडते ते खड्डे. सावली पडत नाही, नुसता रंग वेगळा दिसतो, ते डाग. आता एक स्वच्छ काचेचा पेला घ्या, त्याचा तळ डागावर हलकेच दाबा आणि काचेतून बघा. लाल डाग दाबल्यावर फिकट होतो, कारण त्याची लाली रक्तवाहिन्यांची असते आणि दाबामुळे रक्त बाजूला सरतं. तपकिरी डाग मात्र तसाच राहतो. तो मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचा असतो.

फाउंडेशन, म्हणजे डाग झाकायला चेहऱ्यावर लावायचा त्वचेच्या रंगाचा लेप, घ्यायला दुकानात जाण्याआधी प्रत्येक तरुणाने एवढं करून बघावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. फाउंडेशन रंग बदलतं, उंचसखलपणा बदलत नाही. भिंतीला खळगा पडला असेल तर रंगारी आधी लांबी भरतो आणि मगच रंगाला हात घालतो. गालावर नुसता जाड थर दिला की तो खड्ड्यात साचतो, काठाला सुकतो आणि आधी लपलेला खड्डाही दिसायला लागतो. ‘लावून बघितलं, पण काही फरक पडला नाही’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांचा त्रास डागांचा नसून खड्ड्यांचा असतो. खड्डा म्हणजे दाह खोलवर गेल्यामुळे तिथलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आतून आधार देणारं प्रथिन, कमी झालेलं असतं. त्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचण्याचा उपचार), लेझर असे उपाय आहेत. बाटलीत त्याचं उत्तर नाही.

डागाचं मात्र आहे, आणि ते समजून घ्यायचं तर डाग कसा होतो हे आधी बघावं लागेल. केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. तिच्या तोंडाशी तेल आणि मृत पेशी अडकतात, आत जंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी लढायला उतरतं आणि मुरूम लाल होऊन ठणकतो. या लढाईत जी रसायनं सुटतात ती आजूबाजूच्या रंगपेशींनाही चेतवतात आणि त्या गरजेपेक्षा जास्त मेलॅनिन बनवून शेजारच्या पेशींना देत राहतात. मुरूम आठवड्याभरात बसतो, वाढीव रंग मागे राहतो. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगपेशी मुळातच जास्त कामसू असतात, म्हणून आपल्याकडे मुरमापेक्षा मुरमाच्या डागाचीच तक्रार मोठी. हा रंग त्वचेच्या वरच्या थरात असेल तर पेशी झडतात तसा काही महिन्यांत उतरतो. पण मुरूम नखाने फोडला, कुस्करला, तर तो खालच्या थरात सांडतो. तिथे तो खूप काळ टिकतो आणि वरून निळसर-राखाडी दिसतो, कारण खोलवरून परत येणाऱ्या प्रकाशात निळा भाग जास्त उरतो.

हा निळसरपणा लक्षात ठेवा, शेड निवडताना त्याचा उपयोग होणार आहे.

फाउंडेशनच्या डब्याच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. तिच्या शेवटी बहुतेक वेळा चार आकडे सापडतात: ७७४९१, ७७४९२, ७७४९९ आणि ७७८९१. पहिले तीन म्हणजे लाल, पिवळं आणि काळं लोह ऑक्साइड, चौथा टायटॅनियम डायऑक्साइड. जगातल्या बहुतेक फाउंडेशनच्या सगळ्या शेड या चौघांच्या कमीअधिक प्रमाणातून तयार होतात. तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा तांबडेपणा याच लाल लोह ऑक्साइडचा असतो. सौंदर्यप्रसाधनांत खाणीतला गेरू वापरत नाहीत. शिसं, आर्सेनिक यांसारखी भेसळ राहू नये म्हणून हे रंग कारखान्यात बनवतात. पण कूळ तेच.

यातला टायटॅनियम डायऑक्साइड पांढराशुभ्र असतो आणि प्रकाश चहूकडे उधळण्यात फार तरबेज. झाकण्याचं मुख्य काम तोच करतो. सावळ्या त्वचेवर त्याचं प्रमाण जास्त झालं की चेहरा राखेसारखा पांढुरका दिसायला लागतो आणि मानेशी रेघ उमटते. म्हणून आपल्या रंगाहून एक शेड उजळ घेण्याचा मोह पूर्णपणे टाळा. गोरेपणाच्या जाहिरातींनी हा मोह मुलांनाही लावला आहे, पण डाग झाकणं आणि उजळ दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत. उजळ शेड डागावर बसली की डागाच्या जागी पांढरट ठिपका दिसतो, आणि तोच लोकांच्या लगेच नजरेत भरतो.

शेड बघायची जागा जबड्याची कड, म्हणजे जिथे गाल संपून मान सुरू होते तिथे. मनगटावर बघू नका. हाताचा रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो. दोन-तीन शेडच्या बारीक उभ्या रेघा ओढा आणि दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात या. दुकानातल्या दिव्याखाली हुबेहूब जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात, कारण प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात लाल-पिवळ्या-निळ्याचं प्रमाण वेगळं असतं आणि त्वचेतलं मेलॅनिन व डब्यातलं लोह ऑक्साइड तो प्रकाश आपापल्या परीने परत पाठवतात. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. पातळ द्रव उडून जातात, रंगाचे कण त्वचेच्या तेलात भिजतात आणि शेड थोडी गडद होते. दुकानदार त्याला ऑक्सिडाइज झालं म्हणतात. पण लाल लोह ऑक्साइड आधीच पुरतं गंजलेलं असतं, त्याला आणखी गंजायला जागा नाही. तेलाचाच हा मुख्य परिणाम, म्हणून तेलकट चेहऱ्यावर तो जास्त जाणवतो. थांबल्यावर जी रेघ शोधूनही सापडत नाही, ती तुमची शेड. मराठी घरांतल्या बहुतेक मुलांना गुलाबीकडे झुकणाऱ्या शेडपेक्षा पिवळसर किंवा सोनेरी छटेची शेड जुळते.

आता डागांचे रंग. गडद, राखाडी-निळसर डागावर नुसतं फाउंडेशन लावलं की ते मळकट दिसतं. त्याखाली आधी नारिंगी किंवा पीच रंगाच्या करेक्टरचा, म्हणजे डागाचा रंग मारणाऱ्या रंगीत क्रीमचा, अगदी पातळ ठिपका दिला की नारिंगी निळ्याला मारतो आणि वर थोडंसं फाउंडेशन पुरतं. लाल डागासाठी याच तत्त्वाने हिरवट करेक्टर असतो. सावळ्या त्वचेवर तो जरा जपून वापरावा, नाहीतर त्याचीच छटा वर येते.

लावण्याची पद्धत मुलांच्या बाबतीत वेगळी असते, आणि त्याला कारण दाढी आहे. दाढीच्या खुंटांवर फाउंडेशन लागलं की प्रत्येक केसाच्या बुडाशी पांढुरका रंग चिकटून बसतो आणि बोलताना समोरच्याला तेवढंच दिसतं. दाढी ठेवत असाल तर दाढीच्या भागात काहीही लावू नका. कपाळ, नाक आणि गालाचा वरचा भाग, बस्स. गुळगुळीत दाढी करणाऱ्यांनी वस्तरा फिरवल्यावर लगेच घाई करू नये. आधी तेलविरहित मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, ते नीट मुरेपर्यंत थांबायचं आणि मग फाउंडेशन. मधे वेळ दिला नाही किंवा खालचं पाणीदार आणि वरचं सिलिकॉनचं असून त्यांचं एकमेकांशी जमलं नाही की बोट फिरवताच वळ्या सुटतात.

सगळ्या चेहऱ्याला फाउंडेशन लावायची गरज बहुतेकांना नसते. रंगमंचावर शेवटच्या रांगेतून चेहरा दिसावा लागतो. बालगंधर्वांच्या काळापासून आपले नट रंगपटात बसून चेहरा रंगवून घेत आले आहेत आणि तिथे जाड थर शोभतोही. कॉलेजच्या बाकावर मात्र समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो. इतक्या जवळून डोळ्याला त्वचेची छिद्रं, लव, एखादा तीळ दिसायची सवय असते. ते सगळं नाहीसं झालं की काहीतरी लावलंय हे लगेच कळतं. म्हणून टाचणीच्या डोक्याएवढं फाउंडेशन हाताच्या पाठीवर घ्या आणि अनामिकेने एकेका डागावर टिपा. चोळायचं नाही. अर्धा मिनिट तसंच राहू द्या म्हणजे ते थोडं घट्ट होईल, मग डागाचा मध्य न छेडता फक्त कडा बोटाने थापटून त्वचेत मिसळा. पाऊण डाग झाकला गेला तरी थांबा. उरलेला पाव डाग दोन फुटांवरून कोणाला दिसत नाही, आणि चेहरा तुमचाच राहतो.

वयात आल्यावर पुरुषी संप्रेरकांमुळे मुलांच्या तैलग्रंथी जोमाने काम करतात. दुपारपर्यंत नाक आणि कपाळ चकाकतं आणि थर फाटतो. तेवढ्याच भागावर सिलिका असलेली बिनरंगाची पावडर ब्रशने दाबून लावा. दिवसभरात चकाकी आली तर टिश्यू टेकवून तेल टिपा. पावडरवर पावडर चढवत गेलात तर पापुद्रे निघतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हे विशेष सांभाळावं लागतं.

फाउंडेशनचा एक फायदा आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या संशोधकांनी दाखवलं की सावळ्या त्वचेवर अतिनील किरणांप्रमाणेच साधा दृश्य प्रकाशही रंग गडद करतो आणि तो गडदपणा जास्त टिकतो; अगदी गोऱ्या त्वचेत तसं झालं नाही. पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश जवळजवळ अडवत नाही. लोह ऑक्साइड अडवतं. म्हणजे लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन किंवा फाउंडेशन डाग झाकता झाकता तो आणखी काळा होण्यापासूनही राखतं. एक खबरदारी मात्र घ्या. डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा, आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढ्या थरावर मोजलेला असतो आणि फाउंडेशन इतकं जाड कोणी लावत नाही. त्यामुळे खाली वेगळं सनस्क्रीन हवंच.

‘याने मुरूम वाढतील का?’ हा प्रश्न रास्त आहे. क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९७२ मध्येच प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांचं वर्णन केलं होतं. आयसोप्रोपिल मायरिस्टेट, कोको बटर, खोबरेल तेल हे घटक यादीत वर असतील तर तो डबा ठेवून द्या. डब्यावर ‘नॉन-कोमेडोजेनिक’ (छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं असावं, पण तेवढ्यावर विसंबू नका. नवीन फाउंडेशन दोन-तीन आठवडे जबड्याच्या एकाच बाजूला लावून बघा. रात्री ते उतरवायलाच हवं. नुसत्या साबणाने सिलिकॉनचा थर निघत नाही. आधी मायसेलर वॉटर (मेकअप उतरवायचं पाण्यासारखं द्रावण) कापसाने, मग सौम्य फेसवॉश, आणि घासायचं अजिबात नाही, कारण घासण्यानेही आपल्या त्वचेत रंग वाढतो. स्पंज वापरत असाल तर तो धुऊन पुरता वाळवा.

मुरमावर ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर फाउंडेशन लावायला हरकत नाही, पण त्वचा कोरडी पडून कोंड्यासारखे पापुद्रे सुटत असतील त्या दिवसांत राहू द्या. रंग नेमका पापुद्र्यांना धरतो. अझेलेइक ॲसिड मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतं, आणि त्याबद्दल डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे.

आणि ज्या गोष्टीचा मला खरोखर संताप येतो ती म्हणजे औषधाच्या दुकानातून ‘डागांची क्रीम’ म्हणून मिळणारी स्टेरॉइडची ट्यूब. तिने पहिल्या आठवड्यात चेहरा लख्ख होतो, म्हणून ती हॉस्टेलमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पुढे त्वचा पातळ पडते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमांचा नवा पेव फुटतो आणि ट्यूब थांबवली की चेहरा भडकतो. अशा १४ स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला, तरी त्या सहज मिळतात. तुमच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल आणि ती डॉक्टरांनी दिलेली नसेल, तर ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका. ती कशी कमी करायची हे ते सांगतील.