दूध घट्ट करणारं औषध की आम्ल कमी करणारं? अंगावर पिणाऱ्या बाळाच्या रिफ्लक्सची दोन औषधं

दूध पिऊन झालं, बाळाला खांद्यावर घेतलं की गुळणी. कधी नाकातूनही दूध येतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "याला रिफ्लक्स झालाय, औषध सुरू करा." रिफ्लक्स म्हणजे पोटात गेलेलं पुन्हा वर येणं. पण ‘रिफ्लक्सचं औषध’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळी औषधं ओळखली जातात. अल्जिनेट पोटातलं दूध घट्ट करतं, म्हणजे ते वर यायला अवघड जातं. ओमेप्राझोलसारखं औषध पोटात तयार होणारं आम्ल कमी करतं. ते दुधाला हातही लावत नाही.

सगळी गफलत इथेच होते. ओमेप्राझोल सुरू केलं आणि आठ दिवसांनी आई म्हणते, "काही उपयोग नाही, दूध काढायचं थांबलंच नाही." ते थांबणारच नव्हतं. या औषधाने जेवढं दूध वर येत होतं तेवढंच येणार, फक्त ते कमी आंबट असणार. त्याचा उपयोग झाला की नाही हे लाळेऱ्यावरून कळत नाही. पिताना बाळ पाठ ताणून रडतं का, अर्धवट पिऊन तोंड फिरवतं का, वजन वाढतंय का, हे पाहावं लागतं. अल्जिनेटचं उलट आहे, तिथे लाळेरं बघितलं तरी अंदाज येतो.

आता आम्लाचा मुद्दा. दूध स्वतःच पोटातलं आम्ल बरंचसं शमवतं. त्यामुळे दर दोन-अडीच तासांनी पिणाऱ्या तान्ह्या बाळाची गुळणी बहुतेक वेळा फारशी आम्लयुक्त नसतेच. मग आम्ल कमी करून रडणं थांबेल ही अपेक्षा कितपत खरी? २००९ मध्ये लॅन्सोप्राझोलची एक चाचणी प्रसिद्ध झाली. हे ओमेप्राझोलच्याच कुळातलं औषध. चाचणीत १६२ बाळं होती. औषध मिळालेल्यांपैकी ५४ टक्क्यांना बरं वाटलं आणि नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ औषध, मिळालेल्यांपैकीही ५४ टक्क्यांनाच! वर, औषध घेणाऱ्या गटात छातीचे संसर्ग जास्त आढळले. पोटातलं आम्ल जंतूंना अडवतं, ते उगाच कमी करू नये, हे त्यामागचं साधं कारण असू शकतं. म्हणूनच उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बाळ नुसतं दूध काढत असेल, बाकी मजेत असेल, तर आम्ल कमी करणारं औषध देऊ नये. दूध काढण्याबरोबर पिण्यात अडचण, सततची अस्वस्थता किंवा वजन न वाढणं असेल तर चार आठवडे देऊन पाहण्याचा विचार करावा.

त्याच सूचनांत अंगावर पिणाऱ्या बाळासाठी अल्जिनेट आधी येतं. तेही लगेच नाही. बाळ नीट लागतंय का, पाजण्याची पद्धत कशी आहे, हे जाणकाराने आधी पाहायचं. दूध जोरात येत असेल तर बाळ घाईघाईने गिळतं, हवाही पोटात जाते आणि मग सगळं वर येतं. कित्येकदा गोष्ट इथेच मिटते. तरीही बाळ बेचैन असेल तर अल्जिनेट एक ते दोन आठवडे देऊन पाहायचं. त्याचा पुरावाही फार भक्कम आहे असं नाही, पण ते आतल्या आम्लनिर्मितीत ढवळाढवळ करत नाही, म्हणून क्रम असा.

देण्याची खरी कसरत अल्जिनेटचीच. बाटलीतल्या दुधात पुडी टाकून हलवली की झालं, अंगावरच्या दुधात ती कशी घालणार? म्हणून पुडीतली पावडर चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात आधी गुळगुळीत कालवायची, मग आणखी दोन चमचे पाणी घालायचं. सगळं पाणी एकदम ओतलं की गाठी होतात. कालवून ठेवलं तर घट्ट होतं आणि सिरिंजमध्ये अडकतं, म्हणून ऐनवेळी करावं. किती पुड्या हे बाळाच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टर सांगतील. वेळ पाजताना किंवा पाजून झाल्यावरची, पण पोट भरून बाळ पेंगलं की ते तोंड उघडत नाही. त्यामुळे एका बाजूचं पिऊन झालं की दुसऱ्या बाजूला घेण्याआधी द्यावं, हे सोपं जातं. चमच्याने किंवा सिरिंजने, गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. औषधापुरतं एवढं पाणी दिल्याने ‘फक्त आईचं दूध’ मोडतं का, ही शंका हमखास येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत औषधाचे थेंब आणि सिरप यांना मुभा आहे.

अल्जिनेटच्या औषधात सोडियम असतं. म्हणून दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला, किंवा ताप, जुलाब चालू असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. शी घट्ट होणं हा नेहमीचा त्रास. मोठ्यांचं अल्जिनेटचं सिरप थोडंसं देऊन भागवणं तर मुळीच नको, त्याची घडण वेगळी असते.

आणि तांदळाची पेज किंवा पिठी? आईच्या पिळून काढलेल्या दुधात कालवून ते घट्ट करायचा सल्ला अजूनही मिळतो. आईच्या दुधात अमायलेज हे विकर असतं, ते पिष्ट पचवून टाकतं आणि दूध पुन्हा पातळच होतं.

ओमेप्राझोलचं वेळापत्रक वेगळं. ते पाजण्याच्या साधारण अर्धा तास आधी, म्हणजे अल्जिनेटच्या बरोबर उलट. द्रव स्वरूपात असेल तर बाटली नीट हलवून. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे एका डोसावरून निकाल लावू नये. आम्ल कमी करणाऱ्या रॅनिटिडीन या दुसऱ्या औषधाची जुनी बाटली घरात असेल तर ती वापरू नका. त्यात एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असू शकणारी अशुद्धी आढळल्यामुळे अमेरिकेत २०२० मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं गेलं.

बाळाला गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असली तरी चित्र असंच दिसतं. म्हणून आम्लाच्या औषधाकडे वळण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, आईने दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करून पाहणं हा मार्गही असतो.

उलटी हिरवट असेल, त्यात रक्त असेल, जोरात कारंज्यासारखी उडत असेल, पोट फुगलं असेल किंवा डोक्यावरची मऊ टाळू फुगून वर आलेली असेल, तर कुठलं औषध हा प्रश्नच नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. दूध काढणं सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झालं असेल तरी दाखवून घ्यावं. बाकी दहापैकी नऊ बाळांचं हे वर्षाच्या आत आपोआप थांबतं. म्हणून अल्जिनेट लागू पडलं तरी ते अधूनमधून बंद करून पाहायचं असतं, न जाणो, एव्हाना त्याची गरजच उरली नसेल.