स्थानकाबाहेर एक बोल्ट बसवताना

अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना सगळ्यात आधी थकतात ती बोटं. स्पेससूटमध्ये शुद्ध ऑक्सिजन असतो, दाब ४.३ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण बाहेर दाबच नाही, त्यामुळे तेवढ्यानेही सूट सायकलच्या ट्यूबसारखा टम्म फुगतो. हातमोजाही फुगतो आणि बोटांना सरळ करू पाहतो. मूठ वळायची तर दर वेळी जोर लावायचा. जरा ढिली सोडली की मोजा पुन्हा पहिल्या जागी. सहा-सात तास हेच. पंजा भरून येतो, काहींची नखं सुटूनही आली आहेत.

दाब वाढवला तर सूट आणखी ताठरतो, म्हणून तो कमी ठेवतात. त्याचीही किंमत आहे: स्थानकातल्या पूर्ण दाबातून थेट या दाबात गेलं तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणून दार उघडण्याआधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेऊन तो नायट्रोजन शरीरातून काढून टाकावा लागतो.

दुसरी अडचण स्थिर राहण्याची. कशालाही न धरता पाना फिरवला, तर बोल्टाऐवजी आपणच उलटे फिरू. त्यामुळे आधी पाय चौकटीत अडकवायचे किंवा कंबरेची आखूड दोरी दांड्याला लावायची, मगच हत्यार उचलायचं. हत्यारालाही दोरी हवीच. जागा बदलताना पुढचा हुक लागल्याशिवाय मागचा सोडायचा नाही.

हे सगळं नीट करूनही एक बोल्ट किती छळतो, ते ३० ऑगस्ट २०१२ ला दिसलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे हे अंतराळवीर वीज वाटून देणारा सुमारे १०० किलोचा एक डबा बदलत होते. जुना निघाला, पण नव्याचा बोल्ट पूर्ण आवळेना. तिथे वजन जाणवत नसलं, तरी १०० किलोचं जडत्व तेवढंच असतं. डबा जरा तिरका बसला की बोल्ट आट्यात अडकतो. त्यात बोल्टाच्या खोबणीत धातूचा कीस दिसला. ८ तास १७ मिनिटं झाली, तरी काम अर्धंच राहिलं. शेवटी डबा दोरीने बांधून दोघं आत आले. स्थानकाच्या आठपैकी दोन वीजवाहिन्या बंदच राहिल्या.

मग आतल्याच वस्तूंतून हत्यारं तयार झाली. जादा केबलच्या तारा सोडवून त्यांचा ब्रश केला, एका हत्याराला टूथब्रश बांधला. ५ सप्टेंबरला दोघं पुन्हा बाहेर गेले. नायट्रोजनच्या झोताने कीस उडवला, तारेच्या ब्रशने खोबण घासली, टूथब्रशने वंगण लावलं. नंतर घाई न करता बोल्ट फिरवत नेला. जमिनीवरून पथक फेऱ्या मोजत होतं, कारण फुगलेल्या मोज्यातून आटा नीट धरतोय की चुकतोय हे बोटांना कळत नाही. पुन्हा वाकडा गेला असता तर आटेच खराब झाले असते.

या खेपेला बोल्ट शेवटपर्यंत बसला आणि डब्यातून वीज सुरू झाली.