चंद्रावर जायला एकच गाडी कशाला?

स्वस्त अंतराळ प्रवास म्हटलं की लोक लगेच रॉकेट परत वापरता येतं का ते विचारतात. बरोबरच आहे, अपोलोच्या वेळचं सॅटर्न फाईव्ह उडताना 2900 टनांच्या आसपास असायचं आणि शेवटी समुद्रात पडायचं ते साधारण 5 टनांचं कमांड मोड्यूल (अंतराळवीर बसायचे ती कुपी), बाकी सगळं वाटेत टाकून दिलेलं. पण नुसतं परत आणून भागत नाही. स्पेस शटल परत यायचं की, तरी उष्णतेपासून वाचवणाऱ्या 24 हजारांच्या वर टाइल्स दर खेपेला तपासत बसायला लागायचं, मग 30 वर्षांत उड्डाणं झाली 135. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन 9 रॉकेटचा पहिला टप्पा (सगळ्यात खालचा भाग) 2015 मध्ये नीट उतरला आणि 2017 मध्ये वापरलेला टप्पा परत उडाला, हे भारीच, पण तो टप्पा कक्षेपर्यंत जातच नाही. कक्षेतून खाली यायचं म्हणजे सेकंदाला 7.8 किमी वेग हवेत जिरवायचा.

माझ्या मते तीन वेगळ्या गाड्या पाहिजेत: एक जमिनीवरून पृथ्वीच्या कक्षेत, दुसरी तिथून चंद्राच्या कक्षेत ये-जा करणारी, तिसरी चंद्रावर उतरणारी. जमिनीवरून कक्षेत जाणारीला उष्णतेची ढाल लागणारच, पण तीच ढाल चंद्रावर उतरवायची आणि परत उचलायची म्हणजे फुकटचं ओझं, तिथं हवाच नाही! पृथ्वीच्या कक्षेतून चंद्राच्या जमिनीपर्यंत वेगात एकूण सेकंदाला 6 किमीच्या आसपास बदल करावा लागतो, म्हणजे चांगलं हायड्रोजन-ऑक्सिजनचं इंजिन घेतलं तरी निघतानाच्या वजनातलं पाऊण इंधनच, आणि परतीचं पण सोबत न्यायचं असेल तर ते इंधन न्यायला अजून इंधन, तिथेच हिशोब बोंबलतो. येताना पृथ्वीच्या हवेत ब्रेक मारून सेकंदाला 3 किमी वाचवता येतात, फक्त तेव्हा वेग 11 किमी असतो आणि किलोमागे जिरवायची ऊर्जा कक्षेतून येण्याच्या दुप्पट.

आता गंमत बघा. या हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनात 1 किलो हायड्रोजनला साधारण 6 किलो ऑक्सिजन जातो, आणि चंद्राच्या मातीत वजनाने 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच आहे, ऑक्साइडमध्ये अडकलेला. तो तिथंच काढता आला तर परतीसाठी पृथ्वीवरून न्यायचं इंधन एक सप्तमांशावर येतं. काढायला वीज मात्र भरपूर लागते आणि चंद्रावरची रात्र 14 दिवसांची, म्हणजे तेवढे दिवस सौर वीज बंद. शिवाय उरलेला हायड्रोजन उणे 253 अंशांवर ठेवायचा, टाकीला जरा ऊन लागलं की उकळून उडायला लागतो, त्यामुळे काहीजण सरळ मिथेन घेतात, थोडी ताकद कमी पण टाकीत टिकतो तरी.